पाइप बदलला, क्लिपा बदलल्या, तरी पेट्रोल गळतंय

मोटारसायकलखाली पुन्हा ओला डाग, पुन्हा तोच वास. नवा पाइप टाकला, क्लिपा आवळल्या, थोडे दिवस कोरडे गेले आणि परत ठिबक सुरू. परत परत येणाऱ्या गळतीत बहुतेक वेळा एकच घडलेलं असतं: पेट्रोल जिथून बाहेर पडतंय तो भाग बदलला जातो, आणि ते बाहेर का पडतंय हे कुणी बघितलेलंच नसतं. रोग म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

मोटारसायकलवर पेट्रोलशी संबंध असलेल्या नळ्या दोन जातीच्या असतात. पहिली पेट्रोल वाहून नेणारी, म्हणजे टाकीच्या कॉकपासून (पेट्रोल चालू-बंद करायच्या तोटीपासून) कार्बोरेटरपर्यंतचा (जिथे पेट्रोल हवेत मिसळतं) पाइप. तिच्यातून थेंबभर पेट्रोल बाहेर आलं तरी दोष तिचा किंवा तिच्या जोडाचा. दुसरी जात व्हेंट (हवा ये-जा करायच्या) आणि ओव्हरफ्लो (जादाचं पेट्रोल बाहेर सोडायच्या) नळ्यांची, ज्या खाली मोकळ्या सोडलेल्या असतात. यांतून पेट्रोल येत असेल तर नळी चोख काम करतेय आणि बिघाड वर कुठेतरी आहे. म्हणून अशा नळीत स्क्रू खुपसून ती बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय. बाहेर पडायची वाट बंद झाली की जादाचं पेट्रोल इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा ओढली जाते त्या, वाटेने सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. जमिनीवरचा डाग तेवढा जातो.

सुरुवातीला

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, काम उघड्यावर करा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत सरकत जाते, त्यामुळे ठिणगी गाडीजवळच पडायला हवी असं नाही. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं, तेव्हा थंडीच्या दिवसांचा भरवसा धरू नका. काढलेलं पेट्रोल पेट्रोलसाठीच्या कॅनमध्ये किंवा धातूच्या भांड्यात घ्या, गटारात ओतू नका.

नक्की कुठली नळी?

गाडीच्या पोटाखाली डोकावलं की चार-पाच नळ्यांची टोकं एकत्र लोंबताना दिसतात, आणि अर्धा गोंधळ इथेच होतो. एक कार्बोरेटरच्या बाउलच्या (पेट्रोल साठतं त्या खालच्या वाटीच्या) तळातून येणारी ओव्हरफ्लोची. एक-दोन कार्बोरेटरच्या अंगातून निघणाऱ्या व्हेंटच्या. एक टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोबणीतलं पावसाचं पाणी खाली सोडणारी. एक एअर फिल्टरच्या डब्याची, जिच्या टोकाला बूच असतं. जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर तिचीही एक. क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतं ते तेलकट असतं, कधी पाण्यात मिसळून दुधाळ झालेलं. त्याचा पेट्रोलच्या गळतीशी संबंध नाही.

प्रत्येक टोक पुसून कोरडं करा, त्याला कापसाचा बोळा बांधा आणि गाडी उभी ठेवा. कुठला बोळा भिजला ते कळलं की निम्मं काम झालं. एअर फिल्टरच्या डब्याच्या बुचात पेट्रोल सापडलं तर कार्बोरेटर मागच्या बाजूनेही ओसंडतोय असं समजा.

पाइपच्या बाजूला गळती असेल तर थेंब जिथे लोंबतोय तिथे बघू नका. पेट्रोल पाइपच्या पाठीवरून घरंगळत सगळ्यात खालच्या टोकाला जमतं. ते उडून गेल्यावर मागे पिवळट-तपकिरी चिकट डाग उरतो. त्या डागाचं सगळ्यात वरचं टोक शोधा, गळतीची जागा तीच. सगळं आधीच चकाचक धुऊन टाकलं तर हा पुरावा जातो, म्हणून धुण्याआधी टॉर्चच्या प्रकाशात एकदा नीट बघून घ्या.

गळती केव्हा होते हेही तितकंच बोलकं असतं. कॉक चालू ठेवून गाडी उभी असताना ओव्हरफ्लोतून ठिबकत असेल तर संशय फ्लोटच्या नीडलवर, म्हणजे बाउलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या सुईवर. फक्त साइड स्टँडवर ठिबकतं आणि मेन स्टँडवर थांबतं, तर बाउलमधली पातळी जरा चढलेली आहे आणि तिरकेपणामुळे ती काठावरून जाते. टाकी फुल्ल केल्यावरच येतं तर कार्बोरेटरला हातही लावू नका, टाकीच्या झाकणाकडे बघा. लांबच्या रपेटीनंतर इंजिन बंद केल्यावर व्हेंटमधून एक-दोन थेंब आले आणि थांबले, तर इंजिनच्या उष्णतेने बाउलमधलं पेट्रोल उकळून वर आलं एवढंच. त्यासाठी काही उघडायची गरज नाही.

पाइप

पेट्रोलच्या पाइपला वय असतं. रबर कडक होतं, टोकाशी बारीक भेगा पडतात आणि निपलवरची (पाइप ज्या छोट्या तोंडावर चढवतात त्यावरची) पकड सुटते. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साध्या रबराचे हाल लवकर होतात. काही रबर फुगून मऊ पडतं, काही कोरडं होऊन तडकतं. पाइप वाकवून बघा. भेगा उघडल्या, किंवा दाबल्यावर तो बोटाखाली परत फुगला नाही, तर बदला. बाजारात मिळणारा पारदर्शक प्लास्टिकचा पाइप दिसायला छान, आत पेट्रोल वाहताना दिसतं, पण साध्या पीव्हीसीचा असेल तर तो पिवळा पडून लाकडासारखा कडक होतो आणि निपलवरून निसटायला लागतो. तपासणीपुरता ठीक, कायमचा नको.

पाइपवर छापलेलं वाचा. कार्बोरेटरच्या गाडीला एसएई जे३० या मानकातला आर७ हा प्रकार चालतो. आर९ हा इंजेक्शनच्या (कार्बोरेटरऐवजी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांच्या) दाबासाठी असतो आणि त्याचं आतलं अस्तर इथेनॉललाही चांगलं तोंड देतं, त्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीलाही तोच टाकला तर बिघडत नाही. मात्र टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या जागी आर९ चालत नाही, कारण त्याचं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये भिजत राहण्यासाठी नसतं. तिथे आर१० लागतो. आतला व्यास निपलशी जुळलाच पाहिजे. ६ मिमीच्या निपलवर ८ मिमीचा पाइप घालून क्लिप पिळली तर रबराला चुणी पडते आणि त्या चुणीतूनच पाझर लागतो.

जुना पाइप ओढून काढू नका. कार्बोरेटरचं पितळी निपल ठोकून बसवलेलं असतं. ते हाललं की पाइप कितीही नवा असो, गळती निपलच्या बुडाशी सुरू होते आणि मग ती कुणालाच सापडत नाही. पकडीने पाइप हलकेच पिळून निपलवर फिरवा, मग मागून ढकला. नाहीच निघाला तर ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरा, धातूवर ओरखडा न उठू देता.

आता या सगळ्या प्रकरणातला खरा खलनायक. नवा पाइप बोथट कात्रीने किंवा पकडीने कापला की आतल्या कडेला रबराचा कीस राहतो. पाइप बसतो, कॉक उघडतो आणि तो कीस थेट कार्बोरेटरमध्ये जाऊन नीडलखाली बसतो. पाइपची गळती थांबलेली असते आणि त्याच संध्याकाळी ओव्हरफ्लोची सुरू होते. मग वाटतं, पाइपच खराब निघाला. जुना पाइप आतून झिजून त्याचा चुरा सुटत असेल तरी हेच होतं. म्हणून नव्या ब्लेडने पाइप काटकोनात कापायचा, आतून पेट्रोल सोडून धुवायचा आणि मगच जोडायचा. वाटेत फिल्टर असेल तर त्याचा बाण कार्बोरेटरकडे हवा आणि तो इंजिनच्या फिन्सना टेकता कामा नये. दाट कागदी फिल्टर निव्वळ उताराने येणाऱ्या पेट्रोलला अडवतो. अशा गाडीला बारीक जाळीचा फिल्टर बरा.

पाइप निपलच्या फुगीर कड्यापलीकडे पुरता गेला पाहिजे आणि क्लिप त्या कड्याच्या मागे बसली पाहिजे. कड्यावरच बसवलेली क्लिप इंजिनच्या थरथरीने हळूहळू टोकाकडे सरकते. पाइप जात नसेल तर त्याचं टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवा. ग्रीस लावू नका. स्क्रूने आवळायच्या पट्टीच्या क्लॅम्पपेक्षा तारेची स्प्रिंग क्लिप बरी, कारण रबर दबत गेलं तरी ती आपणहून आवळत राहते. पट्टीचा क्लॅम्प जास्त पिळला की त्याच्या खाचा रबरात रुततात. आणि सिलिकॉन सीलंट कुठेही, कुठल्याही जोडाला लावू नका. पेट्रोलने ते फुगतं, तुकडे सुटतात आणि जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत, जाऊन बसतात.

कॉक

पाइपच्या वरच्या टोकाशी ओलं असेल तर बऱ्याचदा पाइपचा दोषच नसतो. कॉक टाकीला जिथे बसतो तिथे ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते, आणि दांडा फिरतो त्याच्यामागे चार भोकांचं रबरी पॅकिंग. दोन्ही स्वस्तातली, दोन्ही वयाने कडक होणारी. कॉकच्या स्क्रूंखाली फायबरचे किंवा नायलॉनचे वॉशर असतात. ते हरवून कुणी साधे लोखंडी घातले असतील तर पेट्रोल स्क्रूच्या आट्यांतून झिरपतं आणि पाइपवर उतरतं. तिथे नवे पाइप टाकत बसलात तर आयुष्य जाईल.

कॉक पुरता बंद होतो का, हे बघायला खालचा पाइप काढून बाटलीत सोडा, कॉक बंद करा आणि काही तास तसंच ठेवा. बाटलीत काही जमलं तर कॉक आतून गळतोय. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर इंजिन बंद असताना ऑनवरही थेंब येता कामा नये. त्याची बारीक व्हॅक्यूमची नळी इनटेकच्या टोकाकडून काढून बघा. आत पेट्रोल सापडलं तर कॉकमधला रबरी पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट इंजिनमध्ये ओढलं जातंय. गाडी विनाकारण काळा धूर टाकत असेल तर ही नळी आधी तपासा.

कॉक मात्र फक्त दुसरी रांग आहे. चांगला कॉक खराब नीडलला झाकतो, बरी करत नाही. गाडी उभी करताना कॉक बंद करायची सवय ठेवा, पण कॉक बंद केल्यावर गळती थांबली म्हणून गाडी दुरुस्त झाली असं धरून चालू नका.

ओव्हरफ्लो: बाउलच्या आत

फ्लोट आणि नीडल म्हणजे पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक. पातळी चढली की फ्लोट नीडलला वर दाबतो आणि पेट्रोल थांबतं. ते थांबलं नाही तर बाउलमध्ये उभ्या असलेल्या बारीक नळीच्या तोंडातून जादाचं पेट्रोल खाली जातं. मेकॅनिकच्या भाषेत कार्बोरेटर ‘ओव्हर होतो’.

गळती चालू असताना स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने बाउलवर हलके ठोका. थांबली तर नीडलखाली कचरा आहे किंवा नीडल अडकतेय. बाउलचा ड्रेन स्क्रू सैल करून कॉक चालू ठेवा, थोडं पेट्रोल भांड्यात वाहू द्या. पुष्कळदा कचरा निघून जातो. पण वरून, म्हणजे टाकीतल्या गंजातून किंवा पाइपच्या चुऱ्यातून तो येतच राहिला, तर हा उपाय चार दिवसांचा.

बाउल उघडण्याआधी एक तपासणी करण्यासारखी आहे. ड्रेनच्या निपलला पारदर्शक नळी लावा, ती वर वळवून बाउलच्या शेजारी उभी धरा, गाडी सरळ ठेवा आणि ड्रेन स्क्रू उघडा. नळीतली पातळी तीच बाउलमधली पातळी. पेनाने खूण करा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी खुणेवरच राहिली, पण ती गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा वर असेल, तर फ्लोटची उंची चुकलीय. पातळी हळूहळू चढतच राहिली, तर नीडल बंद होत नाहीये. आणि पातळी योग्य, स्थिर, तरीही ओव्हरफ्लोतून थेंब येत असतील, तर बाउलमधली ती उभी पितळी नळीच तडकलेली आहे. हा तिसरा प्रकार फार थोड्यांना सुचतो, आणि त्यापायी दोन-तीन नीडल फुकट बदलल्या जातात. खात्री करायची तर बाउल काढून हातात सरळ धरा, नळीच्या तोंडाच्या जरा खाली येईल इतकंच पेट्रोल ओता आणि बुडाखाली बघा. थेंब आला तर नळीला बारीक चीर आहे. ती सोल्डरचा डाग देऊन बुजवता येते, नाहीतर बाउल बदलायचा.

नीडलचं टोक उजेडात भिंगाखाली बघा. रबरी टोकाला गोल खाच पडलेली दिसली तर ती गेली. मागच्या टोकाची स्प्रिंगवरची बारीक पिन बोटाने दाबली की परत वर यायला हवी. नीडल नवी घालताना तिची बैठक, म्हणजे तिचं टोक टेकतं ती जागा, साफ करायला विसरू नका. कापसाच्या काडीला जरासं धातूचं पॉलिश लावून फिरवा, मग क्लीनरने पूर्ण धुवा. बैठक सुटी निघणारी असेल तर तिच्या ओ-रिंगकडेही लक्ष असू द्या, पेट्रोल तिच्या बाजूनेही घुसतं. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडका झालाय. पोकळ फ्लोट गरम पाण्यात धरला की छिद्रातून बुडबुडे येतात.

फ्लोटची उंची मोजताना कार्बोरेटर इतकाच तिरका करा की फ्लोटची जीभ नीडलच्या पिनला टेकेल, पण पिन दबणार नाही. दाबून मोजली की माप चुकतं. जीभ धातूची असेल तर ती केसभर वाकवायची. प्लास्टिकची असेल तर बहुधा वाकवायची सोय नसते, फ्लोट किंवा नीडल बदलावी लागते.

काही दिवस अशीच गाडी चालवली असेल तर स्टार्ट करण्याआधी ऑइल बघा. पातळी चढलेली, ऑइल पातळ आणि पेट्रोलचा वास, म्हणजे ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. किक मधेच कडक अडली तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल भरलेलं असू शकतं आणि द्रव दाबला जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. प्लग काढा, चावी बंद ठेवा, वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा आणि पेट्रोल प्लगच्या भोकातून फडक्यावर घ्या.

टाकीचा श्वास

ही जागा बहुतेक जण बघतच नाहीत. टाकीतून पेट्रोल जातं तितकी हवा झाकणातून आत यावी लागते, आणि टाकी तापली की वाफेला बाहेर पडता यावं लागतं. झाकणातली वाट बुजली किंवा टाकी उतरवून परत बसवताना व्हेंटची नळी खाली चेपली गेली, की दोन उलट्या तक्रारी येतात. चालताना टाकीत निर्वात होऊन गाडी गुदमरते. उन्हात उभी असताना मात्र टाकीत दाब साठतो आणि चांगल्या नीडललाही ढकलून पेट्रोल खाली ओव्हरफ्लोतून येतं. एरवी नीडलवर येणारा दाब नगण्य असतो. पेट्रोलची उंची अर्धा मीटर धरली तरी तो ०.०४ बारच्या आत राहतो. नीडल तेवढ्यासाठीच बनवलेली असते.

ओळखायचं कसं? गळती चालू असताना झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि ठिबक मंदावली, तर कार्बोरेटर खोलू नका. झाकण साफ करा, नळीतून फुंकून बघा, तिचा मार्ग सरळ करा.

कार्बोरेटरच्या व्हेंटनळ्यांनाही हेच लागू. टोक चिखलाने बुजलं किंवा नळी दुमडली की बाउलवरचा हवेचा दाब बिघडतो आणि गाडी वेगात अडखळते. पाण्यातून जाताना टोक बुडालं तरी तेच, म्हणून खडतर वाटेच्या गाड्यांत व्हेंटला टी-जोड लावून एक फाटा वर टाकीखाली नेतात.

टाकी गळ्यापर्यंत भरायची हौस सोडा. तापमान १० अंशांनी वाढलं की पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं. थंडगार १५ लिटर पेट्रोल उन्हात २० अंशांनी तापलं तर पाव लिटरहून जास्त जागा मागतं, आणि ते झाकणातून किंवा व्हेंटमधून बाहेर येणारच. भरण्याच्या नळकांड्याच्या बुडापर्यंत भरा, वर नको.

इंजेक्शनच्या गाड्या

इथे पाइपमध्ये साधारण ३ बार दाब असतो, उताराने येणाऱ्या पेट्रोलच्या ऐंशी पटींच्या आसपास. त्यामुळे ‘तात्पुरता’ साधा पाइप आणि तारेची क्लिप हा प्रकार पूर्ण निषिद्ध. जोड सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा, ते थंड झालं की जोडावर फडकं धरून मग क्लिप दाबा. गळतीच्या जागा ठरलेल्या: झटपट जोडाच्या आतली ओ-रिंग, प्लास्टिकच्या जोडाला गेलेला तडा, आणि टाकीच्या तळाशी पंपाचं गॅस्केट. हे गॅस्केट एकदा उघडलं की नवंच घालावं, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळावेत. इंजेक्टरच्या ओ-रिंगला बसवताना इंजिन ऑइलचा एक थेंब लावा, नाहीतर ती कडेला चिरते.

अशा बऱ्याच गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाते. टाकी वारंवार काठोकाठ भरली की तिथे वाफेऐवजी पेट्रोलच जातं, कोळसा भिजून निकामी होतो आणि कॅनिस्टरच्या खालच्या नळीतून ठिबक लागते. ही नळी बदलून उपयोग नाही. कॅनिस्टर बदलावा लागतो.

काम झाल्यावर इंजिनखाली कोरा कागद अंथरून कॉक चालू ठेवा आणि तासभर बघा. मग एक रपेट मारून इंजिन चांगलं तापवा, थंड होऊ द्या आणि क्लिपा पुन्हा हाताने चाचपा. नवं रबर पहिल्या तापण्यात थोडं बसतं आणि स्क्रूचा क्लॅम्प असेल तर त्याला अर्धा आटा अजून लागतो.